खंड पडणाऱ्यांची पेटी: दुहेरी सुरांच्या साध्या हार्मोनियमचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकू. पस्तिशी-चाळिशीनंतर वाद्य शिकायला घेतलंय, आणि मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गणपती यांपायी वर्षातून दोन-तीनदा रियाज महिनाभर तरी सुटणार हे आधीच ठाऊक आहे, अशा माणसाने साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची, खर्ज-नर जोडीची साधी पेटी घ्यावी. स्केल चेंजर नको, कपलर नको, घडी घालून पेटाऱ्यात बसणारं मॉडेलही नको. ज्या जादा सोयींसाठी दुकानदार जास्त पैसे सांगतो, त्यातल्या बहुतेक सोयी खंड पडला की अडचणी होतात.

पेटीच का? तुलना वाद्यांच्या गोडव्याची करायची नाही. महिनाभर हात लागला नाही तर परतल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत काय वाजतं, एवढंच बघायचं. तबल्याची पुडी हवेने उतरते. नवशिक्याचा पहिला अर्धा तास गठ्ठे ठोकण्यात जातो. सतारीच्या मुख्य तारा कशाबशा जुळल्या तरी खाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असतात, आणि बोटांवरचे घट्टे तोवर मऊ झालेले. बासरी बाहेर काढणं सोपं, पण फुंक गेलेली असते, आणि ती परत यायला आठवडा लागतो. पेटीचा सूर मात्र कारागिराने आधीच लावून दिलेला असतो. भाता उघडला, पट्टी दाबली की सा मिळतो.

पेटीवरचा जुना आक्षेपही हाच आहे म्हणा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, बारा सूर कायमचे ठोकून बसवलेले, श्रुतींना, म्हणजे त्यांच्यामधल्या बारीक स्वरांना, जागा नाही. अशा आक्षेपांवरून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. मैफलीच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण आठवड्यातून तीनदा जेमतेम वीस मिनिटं मिळणाऱ्या माणसाला तोच ठोकलेला सूर सोयीचा पडतो, कारण त्याचा एकही मिनिट सुरावट जुळवण्यात जात नाही. कान मात्र वेगळा तयार करावा लागतो: वाजवलेली ओळ गाऊनही बघायची. नाहीतर बोटं हुशार होतात आणि कान आहे तिथेच राहतो.

काय घ्यायचं, काय सोडायचं

साडेतीन सप्तकं म्हणजे ४२ पट्ट्या. ३७ पट्ट्यांची पेटी स्वस्त आणि हलकी असते, पण काळी चार किंवा काळी पाचमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या बाईला तिच्यात वरची पट्टी लवकर संपते. ३९ हा मधला मार्ग, चालतो.

दुहेरी म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या जिभा. खालचा खर्ज, मधला नर आणि वरची मादी या तीन जातींतून जोडी निवडायची. खर्ज-नर जोडी गाण्याखाली भरीव वाजते. नर-मादी चढी आणि तीक्ष्ण. मोठ्या भजनी मेळ्यात ती कापत जाते, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांपर्यंतही तितकीच जाते. एकेरी पेटी शिकायला पुरते खरी, पण दोन सुरांपैकी एक खटक्याने बंद करायची सोय तिच्यात नसते. रात्री साडेदहाला वाजवायचं तर खर्जाचा खटका आत, फक्त नर उघडा, वरचं झाकण मिटलेलं, एवढ्याने आवाज बराच खाली येतो. पेटीला आवाजाचं बटण नाही, त्यामुळे नोकरी करून शिकणाऱ्याने ही युक्ती खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवावी.

स्केल चेंजरबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. त्यात पट्ट्यांचा अख्खा फळा डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच बोटांनी वेगळा स्वर निघतो. साथीदाराला हे सोन्यासारखं आहे: एक गायक काळी एकचा, दुसरी गायिका काळी पाचची, बोटं तीच. शिकणाऱ्याची स्वतःची एकच पट्टी, म्हणजे ठरलेला सा, असते. तो फळा कुठेच सरकवत नाही. पण त्या सोयीसाठी पट्टी आणि सुराकडची हवा उघडणारी झडप यांच्यामध्ये जादा सांधे येतात, फेल्टचे जादा तुकडे येतात, वजन वाढतं. साधी दुहेरी पेटी आठ-दहा किलोत बसते. स्केल चेंजर त्याच्या दीडपटीकडे जातो आणि किंमत सहज दुपटीपुढे. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सरकता फळा अडतो, आणि जोर लावून सरकवला की एखादी झडप अर्धवट उघडी राहून सूर आपोआप गुणगुणायला लागतो. महिनाभराने पेटी उघडणाऱ्याला फळा मागच्या वेळी कुठे ठेवला होता हेही आठवत नाही. तो काळी एक समजून पांढरी दोन वाजवत बसतो आणि तानपुऱ्याच्या ॲपशी का जुळत नाही म्हणून वैतागतो.

कपलरने एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरी आपोआप दाबली जाते. आवाज भारदस्त होतो, पण पट्टी जड लागते आणि हवा जास्त खाते. नवशिक्याचा डावा हात आधीच कमजोर असतो. त्याच्यावरच हा भार पडतो.

दुकानात वीस मिनिटं

दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगू नका. त्याच्या हातात कोणतीही पेटी चांगलीच वाजते.

आधी हवा तपासा. सगळे खटके बंद करून भाता पूर्ण भरा. कुठूनही सूं आवाज येता कामा नये. मग नराचा एकच खटका उघडा, पुन्हा भाता भरा, हात काढून घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. आता भाता न देता मधली एक पट्टी दाबा. हवा टिकली असेल तर सूर लगेच बोलतो. पुन्हा भरून लगेच पट्टी दाबली तर एक सूर दहा-पंधरा सेकंद तरी न ढासळता टिकायला हवा. तीन-चार सेकंदांत मरत असेल तर आतला भाता किंवा सुरांचा फळा गळतोय. दुकानदार म्हणेल, "वापरात बसेल." गळती वापराने वाढते, बसत नाही.

मग पट्ट्या. प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबा, कमी हवेवर. खालच्या खर्जाचे सूर थोडे उशिरा बोलतात, हे स्वाभाविक आहे; पण मधल्या सप्तकातला एखादा सूर अडखळत असेल तर त्याची जीभ चौकटीत नीट बसलेली नाही. पट्टी बाजूला हलवून बघा. शेजारणीला घासता कामा नये. सोडल्यावर सगळ्या पट्ट्या एका पातळीत यायला हव्यात.

शेवटी सूर. फोनवरचा ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवा आणि आधी नर एकटा, मग खर्ज एकटा, मग दोन्ही असे तपासा. दोन्ही एकत्र वाजवताना आवाजात लाटा ऐकू आल्या, वॉव-वॉव-वॉव, तर दोघांपैकी एक उतरला किंवा चढला आहे. तपासताना भाता मध्यम दाबाने द्या. जोराने दिला की सूर किंचित उतरतो, विशेषतः खालचे, आणि चांगल्या पेटीला तुम्ही उगाच नापास कराल. पाच सेंटच्या (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) आतला फरक सोडून द्या. दहाच्या पुढे असेल तर लावून मागा.

पॉलिश, पितळी कोपरे, नक्षी, काचेचं झाकण यांचा आवाजाशी संबंध नाही. सुरांचा आहे. आज बाजारात गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर बरेच दिसतात आणि शिकण्याच्या पेटीला ते उत्तम पुरतात. जुन्या जर्मन सुरांच्या नावाने जी जादा रक्कम सांगितली जाते, ती देण्याचं कारण नवशिक्याला नाही.

डावा हात

फ्रान्समध्ये अलेक्झांडर दबेनने १८४२ मध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम पायांनी हवा भरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताकडे आणला, त्यामुळे पेटी जमिनीवर मांडी घालून वाजवता आली. बदल्यात एक हात कायमचा भात्याला गेला. प्रौढ शिकाऊंची प्रगती अडते ती बहुतेक वेळा याच हातापाशी, आणि खंडानंतर सगळ्यात आधी जातो तोही हाच.

नेहमीची चूक म्हणजे तालाच्या मात्रेला भाता मारणं. प्रत्येक मात्रेवर आवाज फुगतो आणि मग पडतो. कारण असं की आतल्या भात्यात साठा शिल्लक नसतो; बाहेरचा धक्का थेट सुरापर्यंत पोचतो. आतला भाता पाऊण भरलेला ठेवायचा आणि तो तसाच राहील इतकेच छोटे, सलग धक्के द्यायचे, तालाकडे लक्ष न देता. कसोटी सोपी आहे: एक सा तीस सेकंद धरा, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. हेलकावा ऐकू आला नाही की पुढे जा. मनगटाने भाता द्यावा; खांदा वर चढत असेल तर पेटी उंच बसली आहे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर नेहमीच्या खुर्चीसमोर चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीचा टीपॉय ठेवावा. जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या पेटीवर कोणाचाच हात बसत नाही.

उजव्या हाताला साची पट्टी एकच ठरवावी आणि बदलू नये. पुरुषांना साधारण काळी एक जवळ पडते. नवशिक्यांना ती भीतिदायक वाटते आणि ते पांढरी एककडे वळतात, पण हाताला काळी एकच सोपी आहे. शुद्ध स्वरांचा आरोह तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, अंगठा, तर्जनी असा जातो: लांब बोटं काळ्यांवर, अंगठा दोन्ही वेळा पांढऱ्यावर, गंधार आणि निषादाला. पांढरी एकमध्ये मध्यमाला अंगठा बोटांखालून सपाटीवर सरकवावा लागतो, आणि तो सांधाच खंडानंतर तुटतो.

परतल्यावर

खंडानंतरचा पहिला दिवस कसा घालवायचा यावर पुढचा महिना ठरतो. आधी खालून वरपर्यंत ४२ पट्ट्या, प्रत्येकी दोन सेकंद. यात हात मोकळा होतो आणि कोणती पट्टी अडकली, कोणता सूर मुका झाला तेही कळतं. मग तीस सेकंदांचा सा. त्यानंतर भूप राग, पण तुमच्या पट्टीत नाही, काळी तीनपासून. काळी तीनच्या भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे काळ्यांवर राहिलात तर रागाबाहेरचा स्वर लागूच शकत नाही. दहा मिनिटं मनाला येईल तसं फिरा. ज्या दिवशी सगळंच विसरलंय असं वाटत असतं, त्या दिवशी काहीतरी सुरेल निघणं फार उपयोगाचं असतं.

अलंकार, म्हणजे स्वरांचे ठरावीक पलटे, दुसऱ्या दिवशी. सोडताना लय मिनिटाला ९० मात्रा होती तर ६० वर या. बोटांना आकृतिबंध आठवतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ९० वरही निभतात आणि माणूस फसतो. नंतर डावा हात थकतो, भाता मात्रेला धक्के देऊ लागतो आणि अंगठा ठेचकाळतो. दर बैठकीला चार-पाचने लय वाढवा. एकाच जागी दोनदा चूक झाली की त्या दिवशी लय तिथेच थांबवा. सहसा आठवडा-दीड आठवड्यात जुनी लय परत मिळते, आणि अनेकदा आधीपेक्षा स्वच्छ.

खंड पडणार हे आधी माहीत असेल तर शेवटच्या बैठकीनंतर एक चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा: पट्टी, लय, कोणता अलंकार, अभंगाची कोणती ओळ. थांबताना अवघड जागेवर थांबू नका. येणाऱ्या ओळीवर थांबा. स्वरलेखन वहीत एकाच पद्धतीने करा. भातखंडे पद्धतीत स्वरावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो. पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा. आपल्याकडे दोन्ही पद्धतींची पुस्तकं फिरतात, आणि दोन महिन्यांनी वही उघडणारा शिकाऊ अर्धी ओळ भलत्याच सप्तकात वाजवतो.

बंद असताना पेटीला काय होतं

पेटी बंद करताना एक पट्टी दाबून भात्यातली हवा काढा, मगच आकडा लावा. हवा कोंडून भाता दाबला की घड्यांचे कोपरे आधी फाटतात. खटके सगळे आत. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पेटी भिंतीला किंवा जमिनीला चिकटवून ठेवू नका. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. आठवड्यातून एकदा, शिकायला वेळ नसला तरी, दोन मिनिटं भाता चालवावा. झुरळं आणि कसर यांना आतलं चामडं आणि फेल्ट आवडतं. डांबराच्या गोळ्या खोक्यात ठेवाव्यात, पेटीच्या पोटात नकोत. अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी: हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, जोड उघडतात आणि पेटी गळायला लागते. हीटरच्या झोताजवळ ती कधीच नको.

एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. आधी तीच पट्टी दाबून भाता जोराने द्या. नाहीच सुटला तर सूर उघडे करून जीभ आणि चौकट यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवा. सुई, टाचणी, ब्लेड नको: जिभेच्या टोकाला ओरखडा गेला की सूर चढतो, मुळाशी गेला की उतरतो, आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही. सूर आपोआप वाजत असेल तर झडपेखाली कचरा आहे किंवा तिची स्प्रिंग ढिली झाली आहे; ती पट्टी झटक्याने आठ-दहा वेळा दाबून बघा. पट्टी फुगून अडकली तर तेल किंवा वंगणाचा फवारा मारायचा नाही. तेल झिरपून चामड्यात आणि सुरांत गेलं की एका पट्टीच्या दुरुस्तीचं काम अख्ख्या पेटीवर जातं. पाऊस ओसरेपर्यंत थांबा किंवा कारागिराकडे द्या.

माळ्यावर आजोबांची पेटी असेल तर नवी घेण्याआधी ती दाखवून घ्या. जुन्या पेट्यांत आधी जातं ते भात्याचं कापड आणि झडपांचं चामडं, आणि दोन्ही बदलता येतं. सुरांच्या जिभांना तडे गेले नसतील तर पेटी उभी राहते. फक्त एक बघा: जुनी पेटी ४४० वर असेलच असं नाही. ती सरसकट तीस सेंट चढी निघाली तर सगळे सूर खरवडू नका. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये सूर सेंटने वर-खाली करता येतो, तो पेटीला जुळवून घ्या.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांना भजनी मंडळात दर आठवड्याला वेगवेगळ्या बुवांना साथ करायची आहे, त्यांना स्केल चेंजर लागणारच. घरात तान्हं बाळ आहे आणि रात्री अकरानंतरच वेळ मिळतो, त्यांनी ६१ पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हेडफोन लावून वापरावा. भात्याचा हात त्यावर तयार होत नाही, पण अजिबात न वाजवण्यापेक्षा ते बरं. आणि ज्यांचा जीव मींडेत अडकलाय, त्यांनी पेटीच्या वाटेला जाऊ नये.

पैसे देताना पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: पट्ट्यांची संख्या व सुरांची जोडी, आणि पहिलं ट्यूनिंग किमतीत धरलंय की नाही. नवे सूर पहिल्या वर्षात थोडे सरकतात, त्यामुळे सहा महिन्यांनी ते लागणारच. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पुरतं. आणि पेटी गाडीत ठेवताना तळाला हात घालून उचला, भात्याला धरून नव्हे.